पुण्याहून हरिश्चंद्रगड, पाचनई मार्गे, ४० जणांचा ग्रुप ट्रेक : माझा रिव्ह्यू

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी हा ट्रेक केला, आज बरोबर तीन आठवडे झाले. इतके दिवस थांबून लिहितेय ते मुद्दाम, का ते पुढे सांगते. ट्रेक नेणाऱ्या ग्रुपचं नाव देत नाहीये कारण दोन गोष्टी तक्रारीच्या आहेत, त्या मी त्यांना फोन करून सविस्तर सांगितल्या आणि त्यांनी नीट ऐकून घेतल्या, मग आता चारचौघांत नाव कशाला. तसंही असे ग्रुप पुण्यात ढिगाने आहेत आणि थोड्याफार फरकाने सगळ्यांची पद्धत सारखीच, त्यामुळे तुम्ही कोणाहीबरोबर जाणार असाल तरी उपयोग होईल.

आधी नेहमीच्या गोष्टी उरकून टाकते. माणशी १४०० रुपये, त्यात शिवाजीनगरहून येणं-जाणं, सकाळचे पोहे-चहा, गडावर दुपारचं जेवण आणि उतरल्यावर पाचनईत रात्रीचं जेवण. शुक्रवारी रात्री साडेदहाला निघालो, नारायणगाव, आळेफाटा, कोतूळ करत पहाटे चारच्या सुमारास पाचनईला पोचलो. दोन मिनीबस होत्या, दोन्ही स्वच्छ, ड्रायव्हर रात्रभर शांतपणे चालवत होते. गावातल्या एका घरात दोन तास पाठ टेकली, सतरंज्या घातलेल्या होत्या, बायकांची खोली वेगळी होती. वरचं जेवण गावातल्याच एका कुटुंबाच्या झापावर (म्हणजे झोपडीत), पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा, चुलीवरचं गरम गरम, हवं तेवढं वाढत होते. त्या बाबतीत पैकीच्या पैकी मार्क. चार लीडर होते, एक मुख्य लीडर ताई, एक मुलगा शेवटच्या माणसाच्या मागे आणि दोघं मधे.

आता मला ज्याबद्दल खरं लिहायचंय ते. मी अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते. बारावीला गट आणि गटातलं वर्तन शिकवताना दरवर्षी तेच प्रयोग फळ्यावर लिहिते आणि मुलं ते पाठ करून पेपरात उतरवतात. या ट्रेकला मी एकटी गेले होते, कोणी ओळखीचं नाही, आणि त्या एका दिवसात मी जे शिकवते त्यातलं निम्मं डोळ्यासमोर घडलं. ट्रेकला जाणारी ४० अनोळखी माणसं हा गट आहे, गर्दी नाही, आणि तो कसा बनवायचा हे नेणाऱ्याच्या हातात असतं. गड आहे तिथेच आहे, वाट गावकरी पण दाखवतील. आपण जे पैसे मोजतो ते खरं तर गट सांभाळण्याचे, आणि रिव्ह्यू द्यायचा तर त्याचाच द्यायला हवा.

बसमध्ये चढतानाच प्रत्येकाच्या मनगटाला कापडी पट्टी बांधली. पहिल्या बसला पिवळी, दुसऱ्या बसला निळी. पिवळ्यांचं नाव तारामती बॅच, निळ्यांचं रोहिदास बॅच, गडावरच्या दोन शिखरांची नावं. मोजायला सोपं जातं म्हणून करतात हे, कल्पना चुकीची नाहीच. कोणाला कुठली पट्टी ते ज्याने ज्या क्रमाने पैसे भरले त्यावर, पहिले २० पिवळे, पुढचे २० निळे. मी पिवळी. मग आमच्या बसमध्ये आमची ओळखपरेड, आमच्या अंताक्षऱ्या, आमची घोषणा, आणि त्यांच्या बसमध्ये त्यांचं सगळं वेगळं. म्हणजे पहाटे पाचनईला उतरलो तेव्हा आम्ही २० जण एकमेकांना नावाने ओळखत होतो आणि उरलेल्या २० जणांचे चेहरे सुद्धा पाहिले नव्हते.

सकाळी साडेसहाला अंगणात चहा आला. मोठं पातेलं, वाफ निघतेय, कागदी कप. कुडकुडत सगळे बाहेर आलो, निळी पट्टीवाले पातेल्याजवळच्या ओसरीवर झोपले होते म्हणून ते आधी पोचले. साधी गोष्ट. पण आमच्यातली एक मुलगी, रात्री बसमध्ये मला स्वतःची शाल देणारी, इतकी गोड मुलगी, ती म्हणाली "बघ ना, हे रोहिदासवाले पहिल्यापासून पुढे पुढे करतायत". पहिल्यापासून म्हणजे कधीपासून, त्यांना बघून १० मिनिटं झाली होती. आणि माझ्या बाजूच्या दोघांनी मान डोलावली आणि खरं सांगते माझ्याही मनात क्षणभर आलं की हो, जरा आगाऊच दिसतात.

सगळ्यात लक्षात राहिलं ते एकाच ऑफिसमधल्या दोन मित्रांचं. दोघं शेजारी शेजारी बसून काम करतात, एकत्र ट्रेकला यायचं ठरवलं, पण एकाने पैसे भरायला १० मिनिटं उशीर केला म्हणून तो निळ्यात गेला. चढताना पहिल्या तासात ते बरोबर चालत होते. मग बॅचप्रमाणे चाला म्हणून सांगितलं. दुपारी झापावर जेवायला बसलो तेव्हा पिवळा मित्र निळ्या मित्राला म्हणतो, "तुमचे लोक फार रेंगाळतात रे, आमची बॅच कधीची पोचली." तुमचे लोक! मी भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिले, कारण हे वाक्य मी १४ वर्षं वर्गात समजावून सांगायचा प्रयत्न करतेय.

हेन्री ताइफेल नावाचे संशोधक होते, मूळचे पोलंडचे ज्यू, दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना जर्मनांच्या कैदेत पडले, सुटून आले तर घरचं जवळपास कोणीच उरलं नव्हतं. माणूस कोणत्या गटाचा यावरून त्याचं मरण ठरतं हे ज्याने भोगलं त्या माणसाने पुढे इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला प्रयोग केले, ते १९७० मध्ये छापून आले. १४-१५ वर्षांची शाळकरी मुलं घेतली आणि त्यांना सांगितलं की तुम्हाला या चित्रकाराची चित्रं जास्त आवडली आणि तुम्हाला त्या चित्रकाराची, म्हणून तुमचे दोन गट. खरं तर वाटणी कशीही केलेली होती. आपल्या गटात कोण आहे हे मुलांना माहीत नव्हतं, आपसात बोलणं नाही, भांडण नाही, स्वतःचा काही फायदा नाही. नुसतं दुसऱ्या दोन मुलांना किती पैसे द्यायचे ते कागदावर ठरवायचं. तरी मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. आणि त्याहून मनाला लागणारी गोष्ट अशी की आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल पण त्यांच्यापेक्षा जास्त मिळालं पाहिजे, असा पर्याय पुष्कळ मुलांनी निवडला.

आता हे ऐका. कोकणकड्यावर पोचलो, लीडर ताईंनी सांगितलं की कड्याच्या टोकाला एका वेळी फक्त ५ जण, पालथं झोपून डोकावायचं, मागून लीडर पाय धरणार, प्रत्येक बॅचला २० मिनिटं. नियम एकदम योग्य, तिथे खाली बघताना पोटात गोळा येतो, तो कडा आत वळलेला आहे, दगड सुटला तर कुठे लागतच नाही. तर आमच्यातले एक गृहस्थ म्हणाले, "आम्हाला पंधराच मिनिटं द्या, पण त्यांना दहाच्या वर देऊ नका." हसत म्हणाले, पण बाकीच्यांनी टाळ्या दिल्या. ५ मिनिटं आपली स्वतःची जातायत हे एकालाही खटकलं नाही. मनगटावरची १० रुपयांची पट्टी, बांधून १८ तास पण झाले नव्हते.

केदारेश्वराच्या गुहेत तर जवळजवळ भांडणच झालं. मोठं शिवलिंग, त्याच्याभोवती बर्फासारखं पाणी, चारपैकी एकच खांब शाबूत उभा, पाण्यातून प्रदक्षिणा घालतात. उतरायला जागा थोडी, आधी कोण यावरून आवाज चढले, कोणीतरी पाणी उडवलं, कोणाचा तरी मोबाईल भिजला. दुसऱ्या ग्रुपचे लोक, आजी-आजोबा सुद्धा होते तिथे, ते बघत होते, मला फार वाईट वाटलं. देवाच्या दारात तरी.

हे टाळता आलं असतं का तर हो, आणि हीच माझी पहिली तक्रार. मुझफ्फर शेरीफ यांचा १९५४ चा ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्हचा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. ११-१२ वर्षांची २२ मुलं, दोन गट, उन्हाळी शिबिर, स्पर्धा लावल्यावर झेंडे जाळण्यापर्यंत आणि एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घालण्यापर्यंत मजल. पण त्याच्या आदल्या वर्षी, १९५३ मध्ये, शेरीफ यांनी न्यूयॉर्क राज्यात असंच शिबिर घेतलं होतं आणि ते फसलं होतं हे फार कमी लोकांना माहीत असतं. तिथे मुलांना आधी सगळी एकत्र राहू दिली, दोस्ती झाली, मग दोन गट पाडले. आणि मग भांडण लावायचा कितीही प्रयत्न केला तरी मुलं भांडेनात, हे मोठ्या माणसांचंच काहीतरी चाललंय असा उलट त्यांनाच संशय आला. म्हणून ५४ साली काय केलं, दोन्ही गटांना सुरुवातीपासून एकमेकांपासून लांब ठेवलं, जवळपास आठवडाभर दुसरा गट आहे हे सुद्धा कळू दिलं नाही. आमच्या ट्रेकला नकळत तेच झालं. आधी पट्टी, वेगळी बस, वेगळी घोषणा आणि मग सकाळी समोरासमोर. नुसता क्रम उलटा केला असता, शिवाजीनगरला बसमध्ये चढायच्या आधी १५ मिनिटं सगळ्या ४० जणांना गोल उभं करून नाव, गाव, काय करता एवढं बोलायला लावलं असतं आणि पट्ट्या नंतर बांधल्या असत्या, तर चहावरून कुणी तोंड वाकडं केलं नसतं असं माझं ठाम मत आहे. फोनवर लीडर ताईंना मी हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, मॅडम रात्री उशीर होतो, ट्रॅफिक असतं, म्हणून बसमध्येच उरकतो. मला त्यांची अडचण कळते. पण १५ मिनिटं काढाच.

आता ज्या गोष्टीसाठी मी या लोकांना मनापासून मानते ती सांगते.

जेवणानंतर तारामतीचं शिखर होतं, गडावरचं सगळ्यात उंच, १४२९ मीटर. ऊन चढलेलं, रात्रीची झोप नाही, पिठलं-भाकरी पोटात. मधल्या एका लीडरने विचारलं, सगळे येताय ना, कोणाला थांबायचंय का? कोणी काही बोललं नाही. माझे पाय भरून आले होते, मला अजिबात जायचं नव्हतं, पण बाकी सगळे ताजेतवाने दिसत होते म्हणून मी बूट बांधायला लागले. मग साधारण साठीच्या एक काकू होत्या, नातीबरोबर आलेल्या, त्या म्हणाल्या "मी नाही येत बाई, माझे गुडघे बोलायला लागले, मी आपली देवळात बसते". तेवढं बोलल्या मात्र, हात वर व्हायला लागले. मी मोजले, माझा धरून ११. त्यातला एक चांगला धिप्पाड मुलगा, त्याला उलटीसारखं होत होतं आणि तो सकाळपासून कोणाला बोलला नव्हता.

सॉलोमन अॅश यांनी १९५० च्या सुमारास दाखवलं तेच हे. समोर सरळ सरळ दिसतंय की तीनपैकी कुठली रेघ नमुन्याच्या रेघेएवढी आहे, पण आधीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देतात, तर जवळपास तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी त्यांच्या मागे जातात. पण त्या सगळ्यांत एक जण जरी बरोबर बोलला की मागे जाणाऱ्यांचं प्रमाण एकदम खाली येतं. एकच जण पुरतो. आमच्याकडे काकू होत्या म्हणून भागलं, प्रत्येक ट्रेकला काकू असतीलच असं नाही. लीडर ताई पुढे होत्या, त्यांना हे कळलं तेव्हा त्या परत आल्या, त्या ११ जणांपैकी एकेकाजवळ जाऊन हळू आवाजात विचारलं, पाणी किती प्यायलात, चक्कर येतेय का, आणि त्या मुलाला बाजूला बसवून मीठ-साखरेचं पाणी दिलं. नंतर कोकणकड्याला निघताना त्यांनी मोठ्याने विचारलंच नाही, एकेकाच्या शेजारून चालत विचारलं. कोणी शिकवलं असेल त्यांना माहीत नाही पण मला हे फार आवडलं, कारण चारचौघांत विचारलेल्या "कोणाला त्रास होतोय का" ला कधीच खरं उत्तर मिळत नाही.

आणि मग उतरताना. कोकणकड्यावर सूर्यास्त बघून निघालो, पाचनईच्या वाटेवर जिथे कातळाच्या पोटातून आडवं जायचं आणि रेलिंग लावलंय तिथे अंधार पडलेला. निळ्यातला एक मुलगा घसरला, पाय मुरगळला, खाली बसला आणि जोरात ओरडला. आम्ही साधारण १२-१५ जण तिथेच होतो. सगळ्यांचे टॉर्च त्याच्यावर. आणि कोणी हललं नाही. मी पण नाही. मी घड्याळ बघितलं नाही पण तो वेळ फार मोठा वाटला. वाईट माणसं नव्हती हो कोणी, प्रत्येक जण बाजूच्याकडे बघत होता की कोणीतरी करेल, कोणाला तरी जास्त कळत असेल.

जॉन डार्ली आणि बिब लताने या दोन मानसशास्त्रज्ञांचा १९६८ चा प्रयोग आहे, इंटरकॉमवर बोलता बोलता एकाला फीट आल्याचा आवाज. ऐकणाऱ्याला वाटत असेल की आपण एकटेच ऐकतोय, तर ८५ टक्के लोक आवाज बंद पडायच्या आत मदतीला उठले. आणखी चार जण ऐकतायत असं वाटत असेल तर फक्त ३१ टक्के. मी हा आकडा दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि तरीही मी त्या रेलिंगला धरून उभी राहिले होते. माहीत असणं वेगळं आणि पाय उचलणं वेगळं.

मागून येणारा लीडर मुलगा, वय फार तर २४, पुढे आला आणि त्याने "कोणीतरी मदत करा" असं म्हटलंच नाही. बोट दाखवून बोलला. "लाल जॅकेट, दादा, तुम्ही याच्या मागे बसा, पाठीला आधार द्या. ताई, चष्मावाल्या, तुम्ही टॉर्च फक्त पायावर धरा, तोंडावर नको. निळी टोपी, पुढे जाऊन ताईंना गाठा, फर्स्ट एड घेऊन परत तुम्हीच या." चष्मावाली मी. ज्या क्षणी माझ्याकडे बोट आलं त्या क्षणी मी चालू पडले, हात सुद्धा कापत नव्हता. २ मिनिटांत १५ बघ्यांची टीम झाली. कोणाच्या तरी बॅगेत क्रेप बँडेज निघालं, बूट सैल केला, बांधलं, आणि सकाळी चहावरून बोललेल्या आमच्या मुलीने स्वतःची काठी त्या मुलाला दिली आणि पुढचा दीड तास ती काठीशिवाय उतरली. पिवळे आणि निळे आळीपाळीने त्याला खांदा देत होते. पट्ट्या अंधारात दिसतच नव्हत्या.

दुसरी तक्रार मात्र इथलीच. फर्स्ट एडचं किट एकच आणि ते सगळ्यात पुढच्या लीडरकडे. माणूस पडतो तो बहुतेक मागे, दमलेला, अंधारात. किट मागच्या माणसाकडे पाहिजेच, पुढे दुसरं असलं तर उत्तम. हे त्यांनी मान्य केलं आणि पुढच्या वेळेपासून दोन किट ठेवू म्हणालेत.

खाली आल्यावर जेवण झालं आणि परतीला लीडर ताईंनी सांगितलं, कोण कुठल्याही बसमध्ये बसा, मला फक्त ४० डोकी मोजून द्या. ते दोघं ऑफिसवाले मित्र शेजारी शेजारी बसले आणि मंचरच्या आधीच एकमेकांच्या खांद्यावर झोपले. रॉबर्स केव्हच्या मुलांनीही शेवटी घरी जाताना एकाच बसने जायचं ठरवलं होतं, मला ते आठवत राहिलं. रात्री अडीचला शिवाजीनगर. सगळ्या एकट्या बायका रिक्षात बसेपर्यंत एक लीडर थांबला होता, हे पण लिहायलाच हवं.

आता तीन आठवडे का थांबले. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यांनी धडाधड पाच स्टार दिले, स्क्रीनशॉट टाकले, ज्याचा मोबाईल भिजला त्याने पण. १९५९ चा अॅरन्सन आणि मिल्स यांचा अभ्यास आहे, गटात शिरायला ज्यांना जास्त त्रास सोसावा लागला त्यांना तोच कंटाळवाणा गट जास्त चांगला वाटला. एवढं सोसलंय म्हणजे ते भारीच असणार, असं मन स्वतःची समजूत घालतं. रात्रभर प्रवास, दिवसभर चढ-उतार, अंधारात रेलिंग, यानंतर लगेच दिलेल्या पाच स्टारवर माझा विश्वास नाही, माझ्या स्वतःच्या पण नाही. शिवाय सगळे देतायत म्हटल्यावर चार कोण देणार. म्हणून अंगदुखी पूर्ण जाऊ दिली, फोटो बघणं बंद केलं आणि मग बसले.

तर माझे पाचपैकी चार. एक कापला तो पट्ट्यांच्या क्रमासाठी आणि किटसाठी मिळून. बुकिंग करताना किंमत आणि जेवणाच्या आधी फोन करून विचारा की ग्रुप किती जणांचा, मागे चालणारा लीडर कोण, त्याच्याकडे किट असतं का आणि सगळ्यांची ओळख कधी करून देता. उत्तर देताना समोरचा गडबडला तर दुसरा ग्रुप बघा. ४० पेक्षा मोठ्या ग्रुपबरोबर मी तरी जाणार नाही, २५ असतील तर अजून बरं.

जानेवारीत हेच लोक राजगडाला नेतायत, मी पैसे भरलेत आणि माझ्या बारावीतल्या माजी विद्यार्थिनी दोघी पण येतायत. ज्या काकूंमुळे मला देवळाच्या सावलीत बसता आलं त्यांना पण फोन केला होता. त्या म्हणाल्या, गुडघ्यांचं बघते, आले तर पाली दरवाज्याने येईन, गुंजवणेच्या वाटेने मला नेऊ नका.